एसी सर्व्हिसची गाडी सकाळी भरलेली आणि वेळेत निघावी म्हणून: चार जणांच्या टीमची तयारी

एसी उघडला, कपॅसिटर (मोटर सुरू करून चालती ठेवणारा छोटा भाग) गेलाय हे पाच मिनिटांत कळलं, आणि पेटीत नेमका तोच नाही. एक जण दुकानाकडे पळतो, दुसरा शिडीशेजारी ताटकळतो. दहा मिनिटांचं काम दीड तास खातं आणि पुढच्या दोन ग्राहकांना फोन करून माफी मागावी लागते. छोट्या टीमचा दिवस बहुतेकदा अशाच परतीच्या फेऱ्यांत जातो. कामाचा वेग वाढवून तो भरून निघत नाही, कारण वेग वाढवला की तेच काम आठवड्याभरात तक्रार होऊन परत येतं.

इथली पद्धत चार जणांच्या टीमला धरून लिहिली आहे: दोन जोड्या, प्रत्येक जोडीचं आपलं वाहन, दिवसाला दोन्ही जोड्यांची मिळून सहा ते आठ कामं. प्लंबिंग, पाण्याचे फिल्टर किंवा इन्व्हर्टर-बॅटरीची सर्व्हिस करणाऱ्यांनी सुट्या भागांची नावं बदलून घ्यावीत, क्रम तोच राहतो.

तयारी संध्याकाळची, सकाळ फक्त पडताळणीची

सकाळी आठला सगळे जमले, मग कोणी गॅसचा दाब मोजायचे गेज शोधतोय, कोणी ड्रिलची बॅटरी चार्जिंगला लावतोय, हे दृश्य बहुतेक टीममध्ये रोजचं असतं. उपाय म्हणून सगळ्यांना अर्धा तास लवकर बोलावलं जातं आणि आठवड्याभरात ते बारगळतं. लवकर बोलावून उपयोगही नाही. सकाळी काही संपल्याचं लक्षात आलं तर सुट्या भागांचं दुकान उघडलेलं नसतं, बॅटरी अर्ध्या तासात पूर्ण भरत नाही, आणि काल काय संपलं ते वापरणाऱ्यालाही धड आठवत नाही. संध्याकाळी यातलं सगळं शक्य असतं. म्हणून काम संपल्यावरची वीस-पंचवीस मिनिटं पगाराच्या वेळेत धरा. ती फुकटात मागितली तर कोणी मनापासून देणार नाही.

पायरी १: उद्याच्या प्रत्येक ग्राहकाला आदल्या दिवशी फोन

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते आणि सगळ्यात जास्त फायदा हीच देते. दुपारी चार ते सहाच्या दरम्यान फोन करा. पत्ता आणि वेळ पक्की करणं हा त्यातला छोटा भाग. खरं काम आहे तक्रार नीट समजून घेण्याचं, म्हणजे उद्या गाडीत काय चढवायचं ते ठरतं.

"एसी थंड करत नाही" एवढ्यावर फोन ठेवू नका. पुढचे प्रश्न विचारा:

आतून हवा येते का? येत असेल, तर बाहेरच्या युनिटचा पंखा फिरतो का? तो फिरत नसेल तर संशय कपॅसिटर, काँटॅक्टर (सप्लाय जोडणारा-तोडणारा स्विच), पंख्याची मोटर किंवा आत-बाहेर जोडणाऱ्या वायरवर. पंखा फिरतो पण थंडावा नाही, तर कॉम्प्रेसर सुरू होत नसेल किंवा गॅस कमी असेल. म्हणजे कपॅसिटर आणि गॅसचं सामान दोन्ही न्यायचं.

बर्फ धरतो का? धरत असेल तर तुम्ही पोचण्याआधी तीन-चार तास कूलिंग बंद करून फक्त फॅन मोडवर ठेवायला सांगा, आणि खाली टॉवेल किंवा बादली ठेवायलाही सांगा. हे सांगायचं राहिलं की जोडी तिथे जाऊन बर्फ वितळायची वाट बघत बसते. बर्फाच्या गोळ्यावर गेज लावून काही कळत नाही.

पाणी गळतं का, आणि कुठून? आतल्या युनिटखालून गळत असेल तर बहुतेकदा ड्रेन तुंबलेला किंवा पाइपाचा उतार बिघडलेला असतो. ब्लोअर आणि ड्रेन पाइप न्या.

एमसीबी पडतो का? लावल्याबरोबर पडतो की काही मिनिटांनी, हे विचारा. लगेच पडत असेल तर शॉर्ट किंवा अर्थ फॉल्ट बघावा लागेल, मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासणारा मीटर) न्या. थोड्या वेळाने पडत असेल तर जास्त करंट, घाण झालेला कंडेन्सर किंवा एमसीबी स्वतःच, म्हणून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर आणि धुण्याचा जेट पंप.

लाइट लुकलुकते का? त्याचा दहा सेकंदांचा व्हिडिओ मागवा. किती वेळा लुकलुकते यावरून एरर कोड कळतो आणि कंपनीचं कोड-पत्रक घरीच बघून ठेवता येतं.

यानंतर बाहेरच्या युनिटवरच्या पाटीचा फोटो मागवा. त्या एका फोटोत मॉडेल, गॅसचा प्रकार, गॅसचं वजन आणि करंट, सगळं मिळतं. ग्राहक म्हणतो, "ते उंचावर आहे, दिसत नाही." मग आतल्या युनिटच्या बाजूच्या पाटीचा फोटो चालेल. मॉडेल नंबर मिळाला की मशीन इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे बदलणारं) आहे की साधं ते कळतं. साध्या मशीनमध्ये कॉम्प्रेसरला रनिंग कपॅसिटर असतो. इन्व्हर्टर मशीनमध्ये कॉम्प्रेसर ड्राइव्ह बोर्डावर चालतो, त्यामुळे तिथे कपॅसिटरची पेटी नेऊन काम होईलच असं नाही.

शेवटचे तीन प्रश्न जागेचे: बाहेरच्या युनिटपर्यंत हात कुठून पोचतो, पाण्याचा नळ किती लांब आहे, आणि गाडी कुठे लावायची. तिसऱ्या मजल्यावर भिंतीला टांगलेलं युनिट असेल तर सेफ्टी बेल्ट, दोर आणि ते अडकवायला पक्का आधार आहे का, हे आदल्या दिवशीच ठरलं पाहिजे. आधार नसेल तर काम पुढे ढकला.

फोनवरची माहिती एकाच ओळीत, पण पूर्ण लिहा. अशी:

काम ३, सकाळी ११ ते १. दीड टन इन्व्हर्टर, आर-३२ गॅस, पाटीवर ०.७८ किलो. बर्फ धरतो, ८ वाजल्यापासून फॅन मोडवर ठेवायला सांगितलंय. बाल्कनीतून हात पोचतो, ६ फुटी शिडी पुरे. नळ बाथरूममध्ये, १० मीटर पाइप. न्यायचं: जेट पंप, धुण्याचं जॅकेट, आर-३२, वजनकाटा, व्हॅक्यूम पंप, नायट्रोजन.

"न्यायचं" हा शेवटचा तुकडा फोन करणाऱ्यानेच लिहायचा. तो सकाळी दुसऱ्यावर सोडला की फोनवर कळलेलं अर्धं वाटेत गळतं.

पायरी २: गाडीतला साठा किती, हे अंदाजाने ठरवू नका

गेल्या दोन-तीन आठवड्यांच्या जॉब शीट काढा. प्रत्येक वस्तू एका जोडीला एका दिवसात जास्तीत जास्त किती लागली ते बघा आणि त्यात एक मिळवा. तो गाडीतला साठा. कपाटातल्या साठ्याचा हिशोब वेगळा: रोजचा सरासरी वापर गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक दोन्ही गाड्या एकदा भरतील इतका माल. उदाहरणार्थ, रॅपिंग टेप रोज ३ रोल जाते, माल यायला २ दिवस लागतात, दोन गाड्या भरायला ८ रोल. म्हणजे कपाटात १४ रोल उरले की ऑर्डर द्यायची. हा आकडा खणावर चिकटवा, कोणाच्या डोक्यात ठेवू नका.

हिशोब तयार होईपर्यंत एका जोडीच्या पेटीसाठी हे प्रमाण धरून सुरुवात करता येईल:

- कॉम्प्रेसरचे रनिंग कपॅसिटर ३५, ४०, ४५, ५० मायक्रोफॅरड, प्रत्येकी २
- पंख्याचे कपॅसिटर २ ते ६ मायक्रोफॅरडमधले तुमच्याकडे लागणारे, प्रत्येकी २
- फ्लेअर नट (तांब्याच्या पाइपाची जोडणी आवळणारे) २, ३, ४, ५ सुताचे (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), प्रत्येकी ४
- सर्व्हिस पोर्टची पिन ४, टोपणं ४
- ड्रेन पाइप ५ मीटर, जोडणीचे तुकडे ४
- पाइपाचं इन्सुलेशन, दोन मापांत २-२ नळ्या
- रॅपिंग टेप ४ रोल, काळी इलेक्ट्रिकल टेप ३
- लग, थिंबल, स्क्रू, रावल प्लग, केबल टाय, एका खणाच्या डबीत
- रिमोटचे बारीक सेल ४

कपॅसिटरबाबत दोन गोष्टी. नवीन घेताना व्होल्टेज ४४० असलेलेच घ्या, म्हणजे कमी व्होल्टेजच्या जागीही चालतात, उलटं चालत नाही. आणि नेमकं माप नसेल तर दोन समांतर जोडून बेरीज करता येते: ३५ आणि ५ मिळून ४०. ही सोय त्या दिवसापुरतीच ठेवा, पण तिच्यामुळे ग्राहकाची रात्र निभावते. पेटीतला प्रत्येक कपॅसिटर ठेवण्याआधी मीटरवर मोजा. ±५ टक्के सवलतीचा ४० चा कपॅसिटर ३८ ते ४२ मध्ये भरला पाहिजे. नवीन डब्यातलाही कधी कधी भरत नाही.

काढलेला जुना भाग आणि नवा भाग एकाच पेटीत कधीही ठेवू नका. जुन्यासाठी लाल पिशवी. संध्याकाळी ती रिकामी करताना त्यातल्या वस्तू मोजल्या की आज काय वापरलं ते आपोआप कळतं, आणि जॉब शीटवर लिहायचं राहिलेलंही सापडतं.

पायरी ३: गॅस वजनाने मोजा

सिलेंडर हलवून "आहे अजून" म्हणणं, हा गॅस अर्ध्यावर संपण्याचा हमखास मार्ग. संध्याकाळी प्रत्येक सिलेंडर काट्यावर ठेवा, त्याचं रिकामं वजन वजा करा आणि उरलेला आकडा तारखेसह मास्किंग टेपवर लिहून सिलेंडरला चिकटवा. रिकामं वजन सिलेंडरवर छापलेलं असतं. नसेल तर नवा आणल्याबरोबर एकूण वजन करा आणि त्यातून आतल्या गॅसचं छापील वजन वजा करा.

उद्या किती लागेल? गॅसच्या कामांच्या पाट्यांवरची वजनं मिळवा आणि त्यावर पाव भाग जास्त धरा. ०.७८ आणि १.०५ किलोची दोन मशीन असतील तर १.८३, म्हणजे सिलेंडरमध्ये निदान २.३ किलो हवा. गळती असलेल्या मशीनमध्ये नुसती भर टाकायची नाही. उरलेला गॅस काढून घ्यायचा, नायट्रोजनच्या दाबावर गळती शोधायची, दुरुस्त करायची, व्हॅक्यूम करायचा (पाइपातली हवा आणि ओल पंपाने ओढून काढायची) आणि पाटीवरचं पूर्ण वजन भरायचं. म्हणून हिशोबात पूर्ण वजनच धरा.

आर-३२ पेट घेऊ शकतो आणि हवेपेक्षा जड असल्याने तळाला साठतो. सिलेंडर उभा, पट्ट्याने बांधलेला, हवा खेळती असलेल्या जागी आणि उन्हापासून दूर ठेवा. बंद गाडीत रात्रभर ठेवू नका. आर-४१०ए हे मिश्रण आहे, ते द्रवरूपात भरावं लागतं. सिलेंडर उलटा करायचा की सरळच ठेवायचा ते त्याच्या अंगावरच्या बाणावरून बघा आणि टेपवरही लिहा, नवीन मुलाला तिथेच कळेल. आर-२२ चे जुने गेज आणि होज आर-४१०ए किंवा आर-३२ साठी वापरू नका, या गॅसचा दाब साधारण दीडपटीहून जास्त असतो. दोन संच असतील तर होजला वेगवेगळ्या रंगाची टेप गुंडाळून ठेवा.

पायरी ४: संध्याकाळचा क्रम

क्रम असाच ठेवा, कारण आधीचं काम पुढच्याला जागा करून देतं.

१. गाडी पूर्ण रिकामी करा. कचरा, तुटके पाइप, लाल पिशवी बाहेर.

२. ओल्या वस्तू आधी उघडा. धुण्याचं जॅकेट उलटं करून टांगा, नाहीतर दोन दिवसांत वास मारतं आणि तोच वास ग्राहकाच्या बेडरूममध्ये जातो. जेट पंपाचं पाणी काढा, आत ओढणाऱ्या पाइपाची जाळी धुवा. ही जाळी तुंबली की पंप ओढत नाही, आणि माणूस पंप बिघडला समजून नवा मागवतो.

३. बॅटऱ्या चार्जिंगला. तापलेली बॅटरी थोडी थंड होऊ द्या, मग लावा. चार्जरची जागा एकच असावी आणि भरलेली बॅटरी वेगळ्या खणात जावी. "भरलेली की रिकामी?" हा प्रश्न सकाळी पडताच कामा नये.

४. व्हॅक्यूम पंपाचं तेल काचेतून बघा. दुधाळ दिसलं तर त्यात ओल शिरली आहे. पंप थोडा वेळ चालवून तेल गरम करा, मग काढा, म्हणजे गाळही बाहेर पडतो. खराब तेलाचा पंप तास-तास चालला तरी ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे व्हॅक्यूमचं माप) खाली येत नाही, आणि दोष मात्र पाइपात शोधला जातो.

५. अवजारं मोजून पेटीत. प्रत्येक खणाचा भरलेल्या अवस्थेतला फोटो झाकणाच्या आतून चिकटवा. फोटोशी जुळवायला अर्धं मिनिट लागतं. सगळ्यात जास्त हरवतात त्या ॲलन की, फ्लेअरचा डाय, टॉर्च आणि होजच्या आतले वॉशर. वॉशरची जास्तीची पुडी पेटीतच ठेवा.

६. साठा आकड्यापर्यंत भरा, जे कमी पडलं ते बोर्डावर लिहा आणि त्याच वेळी ऑर्डर करा. बोर्डावर लिहून ऑर्डर सकाळवर टाकली तर वरचा सगळा खटाटोप वाया.

७. गाडीत चढवा (गॅसचे सिलेंडर मात्र सकाळी), पहिल्या कामाचं सामान दाराशी. शिडी सगळ्यात शेवटी. इंधन घरी जाताना भरा, सकाळी नाही.

ही जबाबदारी आठवड्याने फिरती ठेवा. एकट्या हेल्परवर टाकली तर त्याला ४० आणि ४५ चा फरक महत्त्वाचा वाटत नाही. एकट्या सीनियरवर टाकली तर तो रजेवर गेला की गाडी रिकामी निघते.

पायरी ५: कामांची रांग लावणं

पहिलं काम ठराविक वेळेचं लावा: धुण्याची सर्व्हिस, जी पाऊण ते एका तासात संपते. काय निघेल याची खात्री नसलेली तक्रार पहिली घेतली आणि ती लांबली, तर सगळा दिवस घसरतो. गॅस आणि व्हॅक्यूमच्या कामाला निदान दोन तास धरा. ग्राहकाला "अकरा वाजता" न सांगता "अकरा ते एक" सांगा. जवळजवळची कामं एका जोडीला द्या. दुपारनंतर एक जागा मोकळी ठेवा, ती तातडीच्या फोनने भरतेच. मालकाला ती रिकामी जागा बघवत नाही आणि तो आठवं काम कोंबतो. मग दिवसाचं शेवटचं काम घाईत होतं आणि तेच परत येतं.

पायरी ६: सकाळची दहा मिनिटं

उभ्यानेच, गाडीपाशी. खुर्च्या आल्या की चहा येतो आणि दहाची तीस होतात.

प्रत्येक जोडी आपल्या कामांची शीट मोठ्याने वाचते आणि "न्यायचं" मधली वस्तू गाडीत हात लावून दाखवते. "आहे, आहे" असं नुसतं तोंडाने म्हणून चालत नाही. सांगून टिक केलेल्या यादीतच वजनकाटा मागे राहतो.

मग मीटरची तपासणी. चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघा. प्रोबची वायर तुटलेली असेल तर मीटर शून्य दाखवतो, आणि शून्य म्हणजे सप्लाय बंद असं समजून हात घातला जातो. कामाच्या जागीही हेच करा: आधी चालू सप्लायवर, मग बंद केलेल्या जागी, मग पुन्हा चालू सप्लायवर.

टायर थंड असतानाच हवा बघायची असते, त्यामुळे ती सकाळीच. शिडीच्या पायऱ्या आणि खालचे रबर बूट, बेल्टची शिवण आणि हूक, हातमोजे, चष्मा. शिडी लावताना दर चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर, हे नवीन माणसाला रोज सांगितलं तरी जास्त होत नाही.

शेवटी कालची एखादी अडचण, एकाच वाक्यात, आणि निघायचं. कोणाचं चुकलं याची चर्चा सकाळी नको. ती करायची तर संध्याकाळी, त्या दोघांपुरती.

कुठे फसतं

पहिले आठ-दहा दिवस यादी मन लावून भरली जाते, नंतर एका दमात वरपासून खालपर्यंत टिका पडतात. यावर दोन उपाय चालतात. यादीत जिथे शक्य तिथे टिकेऐवजी आकडा लिहायला लावा: सिलेंडरमध्ये किती किलो, बॅटऱ्या किती, टेप किती. आणि आठवड्यातून एकदा, न सांगता, कोणताही एक खण उघडून मोजा.

दुसरी गळती उसनवारीची. एका जोडीचा फ्लेअरिंग सेट दुसरीने नेला आणि परत आला नाही. दोन्ही पेट्यांतल्या अवजारांना वेगळ्या रंगाची टेप लावा. महागडी आणि एकच असलेली वस्तू, जसं की लीक डिटेक्टर किंवा मेगर, पेटीत न ठेवता कपाटात ठेवा आणि नेताना बोर्डावर नाव लिहायची पद्धत लावा.

परतीच्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवा: तारीख, काय नव्हतं, का नव्हतं. कारणं चारच निघतात: फोनवर विचारलं नाही, साठ्याचा आकडा कमी होता, भरलं नाही, किंवा भरलं पण चढवलं नाही. महिन्याने मोजा आणि ज्या कारणाच्या रेघा जास्त तीच पायरी सुधारा. एका महिन्यात एकदाही न वापरलेली वस्तू गाडीतून काढून कपाटात ठेवा. मात्र सेफ्टीचं सामान, प्रथमोपचार पेटी आणि अग्निशामक सिलेंडर या नियमाबाहेर. उन्हाळा तोंडावर आला की गॅस आणि कपॅसिटरचे आकडे नव्याने काढा, हिवाळ्यातल्या वापरावर लावलेले आकडे पहिल्याच कडक आठवड्यात तोंडघशी पाडतात.